शाळेतली जखम, क्षमा आणि आपले आरोग्य



आरोग्याच्या पानावर आपण रक्तदाब, साखर, रक्तक्षय, बाळंतपण यांविषयी वाचतो. या वेळचा विषय आहे क्षमा. हा विषय प्रवचनाचा, दवाखान्याचा नव्हे, असे कुणी म्हणेल. पण वाशी तालुक्यात वस्त्यांवर रक्तदाब तपासत फिरताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. दंडाला पट्टा बांधून बसलेली बाई बोलायला लागते आणि बोलता बोलता तीस-चाळीस वर्षांपूर्वीची शाळा निघते. कुणाला पाण्याच्या माठापासून लांब उभे केलेले असते, कुणाची वही हातात न घेता लांबूनच तपासलेली असते, कुणावर चोरीचा आळ आलेला असतो. सांगताना आवाज बदलतो, श्वास भरभर होतो आणि यंत्रावरचा आकडा वर चढतो. मग आम्हाला तो आकडा सोडून द्यावा लागतो. पाच मिनिटे गप्प बसवून पुन्हा मोजावे लागते.

यातून तीन प्रश्न उभे राहतात. एवढ्या जुन्या गोष्टीचा शरीराशी काय संबंध? क्षमा करायची तर ती कशी करायची? आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच क्षमा करायची, म्हणजे पुन्हा मान खालीच घालायची का? हा तिसरा प्रश्न आपल्या समाजात टाळून चालणार नाही. या तीन प्रश्नांचा हा पाठ आहे.

राग शरीरात कुठे राहतो?

अंगावर कुत्रे धावून आले की आपले शरीर क्षणात तयार होते. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या दोन लहान ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सुटतात. हृदय जोरात धडधडते, रक्तदाब वाढतो, स्नायू ताणले जातात, पोटाचे काम मंदावते. कुत्रे निघून गेले की थोड्या वेळाने सगळे पूर्ववत होते. ही व्यवस्था जीव वाचवण्यासाठी आहे.

अडचण अशी की अपमानाची आठवण आली तरी शरीर तसेच वागते. माणूस समोर नसतो, प्रसंग घडून वीस वर्षे झालेली असतात, तरी छाती धडधडते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका महाविद्यालयात ७१ विद्यार्थ्यांवर याचा अभ्यास झाला आणि तो २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्याने आपल्याला दुखावले त्या खऱ्या माणसाची आठवण त्यांना काढायला सांगितली. कधी मनात डूख धरून, तर कधी क्षमेच्या भावनेने. डूख धरून आठवताना हृदयाची गती, रक्तदाब आणि हाताचा घाम वाढला, कपाळावरच्या आठ्यांचे स्नायू ताणले गेले. क्षमेच्या भावनेने आठवताना हा ताण कमी राहिला. प्रसंग तोच, माणूसही तोच, पण शरीराचे उत्तर वेगळे.

असा ताण रोजचा झाला की झोप उडते, डोके दुखते, आम्लपित्त वाढते, मान आणि खांदे आखडतात. लहान मुलांना तर 'मला अपमान वाटतो' असे सांगताच येत नाही. त्यांचे पोट दुखते. पोटदुखी सकाळी शाळेच्या वेळेला येते आणि रविवारी येत नाही. अशी पोटदुखी ढोंग नसते, ती खरोखर दुखते. पोट आणि मेंदू नसांनी जोडलेले आहेत.

एक इशारा इथेच देतो. प्रत्येक दुखण्याचे कारण मनात शोधू नका. आधी तपासणी करा. आणि मन हलके झाले म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका.

बाबासाहेबांनी काय लक्षात ठेवले?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या शाळेत बाळ भीमाला बसायला वेगळे गोणपाट होते आणि ते रोज घरून न्यावे व परत आणावे लागे. शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. नळाला स्वतः हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसेल तर तहान तशीच राही. हे सगळे बाबासाहेबांनी मोठेपणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात लिहून ठेवले.

म्हणजे ते विसरले नाहीत. पण मनात कुढतही बसले नाहीत. त्याच काळातल्या, आपला डबा त्यांना देणाऱ्या आंबेडकर आडनावाच्या शिक्षकांचीही आठवण त्यांनी आयुष्यभर आदराने ठेवली, असे धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. जखम आणि माया दोन्ही त्यांनी नीट लक्षात ठेवल्या. एका दुष्टाव्यामुळे सगळ्या माणसांना एकाच तराजूत घातले नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला. माणसे जखमी झाली. बाबासाहेबांच्या एका शब्दावर हजारो लोक उलटून चालून गेले असते. त्यांनी तो शब्द दिला नाही, लोकांना आवरले. मात्र हल्ला पोटात घालून ते गप्पही बसले नाहीत. प्रकरण कायद्याने पुढे गेले आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. सूड नाही आणि शरणागतीही नाही. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. सूडाचा विचार सोडणे आणि न्यायाचा आग्रह धरणे या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात.

दहा पारमितांपैकी एक पारमिता क्षांती आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ती समजावली आहे. क्षांतीला ताकद लागते. ज्याला उलटून मारताच येत नाही, त्याच्या गप्प बसण्याला आपण क्षांती म्हणत नाही.

आम्ही तिघी

आता आमचा अनुभव. वाशीतल्या एकाच वस्तीतून आम्ही तिघी मिळून शाळेत जात होतो. साल १९९४. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले होते. आमच्या घरी पेढे वाटले होते आणि वर्गात काही जण आमच्याशी बोलायचे बंद झाले होते.

आम्ही आठवीत होतो. वेरूळच्या सहलीची वर्गणी जमा होत होती. मुलींचे पैसे गोळा करणाऱ्या वर्गमैत्रिणीच्या दप्तरातून दीडशे रुपये गेले. तिने सांगितले, 'मधल्या सुट्टीत ह्या तिघी माझ्या दप्तरापाशी होत्या.' आमची दप्तरे साऱ्या वर्गासमोर फरशीवर उलटी केली. एकीच्या दप्तरातून अर्धी भाकरी आणि लसणाची चटणी पडली, त्यावर वर्ग हसला. पैसे सापडले नाहीत. तरी 'चौकशी होईपर्यंत' म्हणून आम्हाला सहलीला नेले नाही. चौकशी कधी झालीच नाही.

त्या वर्षी आमच्यातल्या एकीचे पोट रोज सकाळी दुखू लागले. दुसरीला रात्री झोप लागेना. तिसरी दप्तर छातीशी धरून बसायची, मधल्या सुट्टीतही सोडायची नाही. घरच्यांनी ओवा दिला, दृष्ट काढली. आम्हाला काय झाले होते ते आम्हालाही सांगता येत नव्हते.

दहावीचा निरोप समारंभ दोन दिवसांवर आला होता. ती मुलगी आमच्या वस्तीत आली, पहिल्यांदाच. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, 'पैसे माझ्या भावानं काढले होते. मला तेव्हाच कळलं होतं. घरी सांगितलं असतं तर वडलांनी त्याला फोडून काढलं असतं.' आम्ही विचारले, 'मग आमचंच नाव का घेतलंस?' ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'तुमचं घेतलं की कुणी पुढं काही विचारणार नाही, असं वाटलं.'

तेरा वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवले नव्हते, पण तिला ते ठाऊक होते. आमचा खरा राग कशावर असायला हवा, ते त्या वाक्याने आम्हाला कळले. ती घाबरलेली पोर होती. तिने दाखवलेले बोट ज्यांनी विनाचौकशी खरे मानले ती मोठी माणसे होती.

आम्ही तिला घरात बोलावले, पाणी दिले. ती प्यायली. मग आमच्यातली एक म्हणाली, 'आम्हाला सांगितलंस, चांगलं केलंस. पण आळ वर्गासमोर घेतला होतास, तो वर्गासमोरच काढ.' निरोप समारंभात ती उभी राहिली आणि थरथरत दोन वाक्यांत सांगून खाली बसली. वर्गशिक्षक काही बोलले नाहीत. पुढचे भाषण सुरू झाले.

त्यानंतर आम्ही तिघींनी तीन तऱ्हांनी क्षमा केली. एकीने त्याच दिवशी तिच्या हातचा पेढा खाल्ला आणि आजही तिच्याशी येणे-जाणे आहे. दुसरीने तिला क्षमा केली, पण मैत्री केली नाही. समोर आली की बरे-वाईट विचारते, एवढेच. तिसरीला मुलीचा राग केव्हाच उरला नव्हता, शिक्षकांचा मात्र राहिला. त्यांनी कधी माफी मागितली नाही. मागितली नसताना क्षमा करायची कशी, हे कळायला तिला पुढची बारा-पंधरा वर्षे लागली. शेवटी तिने ठरवले की त्या दिवसाचा हिशेब त्यांच्याकडून येणार नाही. मग आपण रोज रात्री दाराशी जाऊन का उभे राहायचे? त्यांनी केले ते चूक होते, हे ती आजही स्पष्ट सांगते. पण ते सांगताना आता तिचे हात थरथरत नाहीत.

पोटदुखी दुसऱ्या दिवशी थांबली असे काही झाले नाही. ती हळूहळू कमी झाली. आळ निघाल्यावर आधी झोप आली, मग भूक आली.

दूरदेशीची एक गोष्ट

क्षमा आणि मैत्री या वेगळ्या गोष्टी आहेत, हे जगाने एका प्रसंगात पाहिले आहे. अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असत. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. ४ सप्टेंबर १९५७ रोजी लिटल रॉक या शहरातल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळी मुले प्रथमच जाणार होती. एलिझाबेथ एकफर्ड ही पंधरा वर्षांची मुलगी त्यांतली. बाकीची मुले मिळून जाणार होती, पण तिच्या घरी फोन नव्हता, त्यामुळे निरोप पोचला नाही. ती एकटीच निघाली. सैनिकांनी तिला आत जाऊ दिले नाही आणि मागून जमाव शिव्या देत चालला. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर गेले. त्यात एलिझाबेथच्या मागे तोंड वेडेवाकडे करून ओरडणारी गोरी मुलगी दिसते. तिचे नाव हेझेल ब्रायन, वयही तिच्याएवढेच.

काही वर्षांनी हेझेलने फोन करून माफी मागितली. एलिझाबेथने ती स्वीकारली. १९९७ साली, घटनेला ४० वर्षे झाली तेव्हा, दोघी समोरासमोर भेटल्या. मैत्री झाली, दोघी मिळून विद्यार्थ्यांशी बोलायला जाऊ लागल्या. पण काही वर्षांत ती मैत्री तुटली. झाले ते किती खोल होते, हे हेझेलला पूर्ण उमगलेले नाही, असे एलिझाबेथला वाटत राहिले. एलिझाबेथने त्या दिवसांची किंमत अनेक वर्षांच्या नैराश्याने चुकवली होती.

या गोष्टीतून पुष्कळ लोक निराश होतात. आम्हाला त्यात शहाणपण दिसते. माफी मागितली, ती मिळाली, तरी पुढचे नाते दोघांच्या खरेपणावर टिकते. छायाचित्रासाठी हात हातात घेतले म्हणून जखम भरत नाही.

क्षमा म्हणजे काय आणि काय नव्हे

• क्षमा म्हणजे विसरणे नव्हे. आठवण राहते, तिचा डंख जातो.
• क्षमा म्हणजे 'काही झालेच नाही' असे म्हणणे नव्हे. चुकीला चूक म्हटल्याशिवाय क्षमा करायला काही उरतच नाही.
• क्षमा म्हणजे हक्क सोडणे नव्हे. तक्रार, साक्ष, खटला चालू ठेवूनही मनातला सूड सोडता येतो.
• क्षमा म्हणजे पुन्हा त्याच माणसाच्या तावडीत जाणे नव्हे. अंतर ठेवून क्षमा करता येते.
• क्षमा सक्तीची नसते. 'मोठ्या मनाने माफ कर' असा दबाव दुखावलेल्यावर आणणे हा दुसरा अन्याय आहे.

सवय कशी लावावी?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांनी क्षमेच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यावरच्या एका अभ्यासपुस्तिकेची पाच देशांतल्या ४,५९८ लोकांवर पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी पुस्तिका सोडवली त्यांच्यात क्षमाशीलता वाढली, आणि उदासी व चिंता कमी झाली. त्या पायऱ्या आपल्या पद्धतीने अशा करता येतील.

१. आठवा. शांत जागी बसा, पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष द्या. मग झालेली गोष्ट वहीत लिहा. जे घडले तेवढेच लिहा, शिव्या नकोत आणि सारवासारवही नको. लिहिता येत नसेल तर विश्वासाच्या माणसाला सांगा.

२. समोरच्याच्या जागी उभे राहून पाहा. तो असा का वागला? भीतीने, अज्ञानाने, की शिकवणीने? कारण कळले म्हणजे चूक बरोबर ठरत नाही. पण समोरचा राक्षस न राहता माणूस दिसू लागतो.

३. दान म्हणून द्या. आपल्यालाही कधी कुणी सोडून दिलेले असते, ते आठवा. क्षमा हे दान आहे, उधारी नाही. परत काही मिळेल ही अपेक्षा नको.

४. निश्चय करा. 'अमुक गोष्टीचा सूड मी आजपासून मनात ठेवणार नाही' असे तारीख घालून वहीत लिहा.

५. टिकवा. राग पुन्हा येईल. तो आला म्हणजे क्षमा खोटी ठरली असे नाही. वही उघडा, तारीख पाहा, दोन मिनिटे मैत्रीभावना करा. सुरुवात स्वतःपासून करा.

फार मोठ्या जखमेपासून सुरू करू नका. आधी लहान गोष्ट घ्या. आठवताना घाम फुटत असेल, जीव घाबरा होत असेल तर तिथेच थांबा आणि जाणकाराची मदत घ्या.

पालकांनी काय करावे?

• शाळेच्या दिवशीच पोट किंवा डोके दुखते, झोपेत दचकते, डबा तसाच परत येतो, असे दिसले तर रागावू नका. 'शाळेत तुझ्याशी कोण कसं वागतं?' असे विचारा आणि उत्तर मध्येच तोडू नका.
• मुलांमुलांतले साधे भांडण असेल तर दोघांना समोर बसवा. ज्याने केले त्याने नेमके काय केले ते बोलू द्या. 'सॉरी म्हण आणि जा' याने काही मिटत नाही.
• आळ चारचौघांत घेतला असेल तर तो चारचौघांतच निघाला पाहिजे, हा आग्रह धरा.
• मारहाण, जातीवरून अपमान किंवा लैंगिक छळ असेल तर तिथे क्षमेचा धडा शिकवू नका. आधी मुलाला सुरक्षित करा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ आणि पोक्सो कायदा २०१२ आपल्या हाताशी आहेत. मुलांसाठी मदतीचा क्रमांक १०९८ आहे.
• दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप नसेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल तर वाट पाहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, तिथून पुढे मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवतात.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर पंधरा मिनिटे या विषयाला द्यावीत, अशी आमची सूचना आहे. नाव न घेता, ज्याला वाटेल त्याने आपल्या शाळेतली एक गोष्ट सांगावी. बाकीच्यांनी फक्त ऐकावे, सल्ला देऊ नये. आणि ज्यांच्या घरी शाळेत जाणारे लेकरू आहे, त्यांनी त्याच दिवशी त्याला वरचा प्रश्न विचारावा.

नमो बुद्धाय. जय भीम.